डिव्हिनाचा फ्लेक्स

डिव्हिना मागबानुआ गाईंना भीत नसे. लाथा झाडणाऱ्या गाईच्या पायांतही ती बिनधास्त हात घालायची. भ्यायची ती एका पत्राला, बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या व्हिसाच्या पत्राला.

तो व्हिसा कुशल कामगाराचा, साउथलँड या परक्या मुलखातल्या ग्रॅहमच्या डेअरी फार्मशी बांधलेला. त्यावरच नवरा बोयेट आणि नऊ वर्षांची टिनाय यांचा मुक्काम. दोन वेळच्या दूध काढण्यामधल्या मोकळ्या दुपारी डिव्हिनाने जनावरांच्या नर्सचा ऑनलाइन कोर्स लावला, दोन वर्षांचा. पाचव्या महिन्यात कधीतरी ते पत्र नीट वाचलं. वर्षाला फक्त तीन महिने शिकायची मुभा होती! औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर वाचणारी बाई, आणि स्वतःचा कागद तेवढा वाचायचा राहिला.

तरी सोडवेना. पुस्तकं तिने टिनायच्या गादीखाली सारली. "कुणाला बोलायचं नाही हं. कळलं तर परत पाठवतील," म्हणाली. टिनायने मान हलवली. दारावर टकटक झाली की आता दोघीही दचकायच्या.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला, एक्याण्णव टक्के. आनंद पोटात मावेना, म्हणून तिने तो नेनिताला सांगितला. नेनिता म्हणजे इथल्या आम्हा सगळ्या फिलिपिनो मंडळींची आते, म्हणजे ताई. नियमाची भानगड काही तिला सांगितली नाही, आणि तिथेच घोळ झाला.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये आमची फिएस्ता, म्हणजे जत्रा होती. डिव्हिना पान्सितच्या शेवयांचं पातेलं घेऊन आत शिरली आणि जागीच थिजली. भाजलेल्या डुकराच्या मागे, अख्ख्या भिंतीभर तिचाच चेहरा, डोक्यावर पदवीची टोपी. 'अभिनंदन डिव्हिना! प्रथम वर्ष, ९१ टक्के!'

"टोपी मी कंप्युटरवर घालून घेतली," नेनिता खुशीत म्हणाली. "गोड दिसतेस की नाही?"

"आते, उतरव ते. पाया पडते तुझ्या."

"लाजतेस काय, वेडे? आपल्या गावी इलोइलोत असतीस तर चौकात लावला असता!"

तेवढ्यात ग्रॅहम आला. दरवर्षी आम्हीच बोलावतो त्याला. उद्या तो तिच्या व्हिसाच्या मुदतवाढीच्या कागदावर सही करणार होता. हातात ताटली धरून त्याने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला.

"प्रथम वर्ष?" त्याने विचारलं. "तुला तर तीनच महिने चालतं ना?"

छापणाऱ्याने चूक केली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. डिव्हिनाने पातेलं टेबलावर टेकवलं. "चालत नाही," ती म्हणाली. "आधी माहीत नव्हतं. मग कळलं, तरी सोडलं नाही."

"मग मला का नाही विचारलंस?"

"भीती वाटली."

"मी काय वाघ आहे?" ग्रॅहमने ताटली खाली ठेवली. "कोर्स आजच बंद कर. झालं ते तूच व्हिसावाल्यांना लिहून कळव. मी सोबत पत्र देतो. पुढचं माझ्या हातात नाही, बाई."

उत्तराची वाट बघण्यात सात आठवडे गेले! फाटकाशी गाडी थांबली की डिव्हिनाच्या हातून दुधाची नळी निसटायची. बोयेटने सामानाच्या पेट्या माळ्यावरून काढल्या, पुसल्या, आणि परत वर ठेवल्या. टिनाय जेवताना दोघांच्या तोंडाकडे बघत बसायची.

मग उत्तर आलं. ताकीद दिली होती आणि मुदत वाढवली होती. बोयेट हमसून रडला. नेनिताने नव्या फ्लेक्सचं नाव काढताच डिव्हिनाने तिला चप्पल फेकून मारली. सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

त्या शनिवारी टिनायच्या पलंगाची चादर बदलताना गादीखाली काहीतरी करकरलं. पुस्तकं तर कधीच गेली होती. डिव्हिनाने हात घालून कागद ओढला. शाळेचं प्रशस्तिपत्र होतं, वाचनात पहिला नंबर. तारीख महिन्यापूर्वीची.

"अगं टिनाय! हे दाखवलं का नाहीस?"

टिनायने आधी जाऊन दार लावलं.

"हळू बोल ना मम्मी," ती म्हणाली. "त्याच्यावर माझं नाव आहे."