हेल्दूरकाकांची लाकडाची रास

मी फटकळ आहे हे व्होरू गावाच्या आसपास सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे सांगताना माझीच जीभ अडखळते.

हेल्दूरकाका चाळीस वर्षं लाकूडगिरणीत फळ्या निवडायचे. त्यांच्या अंगणातली सरपणाची रास गाव थांबून बघायचं. एक ढलपी पुढे नाही की मागे नाही. एकदा माझी रास कलली, तर मला न विचारता येऊन त्यांनी ती अख्खी पुन्हा रचली. वर म्हणाले, “मायमू, जाता-येता डोळ्यांना त्रास होतो गं.”

माझं काम म्हणजे घरोघरी जाऊन वर्षाला किती लाकूड जळतं ते लिहून घ्यायचं. ते आकडे राजधानीत जातात आणि तिथून युरोपच्या तक्त्यात, कुठल्या देशात लाकूड जाळणं वाढलं, कुठे घटलं ते ठरवायला. काकांकडे मी तीन वर्षं गाडीतून उतरलेच नाही. रास भरलेली दिसली की ‘पंधरा घनमीटर’ लिहायचं आणि पुढे सुटायचं. साहेब म्हणायचे, “तुमच्या भागाचा आकडा किती स्थिर!” आणि मी मेली मिरवायचे.

यंदा गाडी त्यांच्याच फाटकाशी बर्फात रुतली. फावडं मागायला आत गेले. भर दुपारी काका स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून बसलेले. शेगडी थंडगार, बोलताना तोंडातून वाफ.

“अहो काका, बाहेर एवढं सरपण आणि इथे कुडकुडताय? कुणासाठी राखून ठेवलंय?”

“ओरडू नकोस. खुबा मोडल्यापासून एका हातात काठी असते. दुसऱ्यात मावेल तेवढंच आणतो, तेही मागच्या बाजूनं. वर्षाला दोन घनमीटर होत असेल.” मग खाली बघत म्हणाले, “हेल्वेनं बजावलंय, रास कमी दिसली की वृद्धाश्रम. लेक आहे, काळजीनंच बोलते. तू आपलं पंधराच लिही, नेहमीसारखं.”

“नेहमीसारखं?”

“खिडकीतून दिसायचीस की. मला वाटायचं, या वर्षी तरी आत येईल. दर वेळी कॉफी टाकायचो.”

शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तडक बाहेर गेले. रस्त्यावरनं भिंतीसारखी दिसणारी ती रास मागून अर्धी पोकळ होती. कवळाभर लाकडं आणून मी शेगडी पेटवली. काका दारातून ओरडत होते, “पुढनं काढू नकोस गं, हेल्वेला दिसेल!”

“मागनंच काढलीत हो! शनिवारी येऊन नवी फोडून तिथेच रचते. बसा तुम्ही.”

मग त्यांच्यासमोर बसून कागदावर ‘दोन’ लिहिलं. कागदावर नाव नसतं, नुसता घराचा क्रमांक; हेल्वेला कळायचं नाही.

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. “पंधराचे एकदम दोन? काहीतरी चूक झालीय.”

“झालीय,” मी म्हटलं. “आधीच्या तीन वर्षांत. मी घरात गेलेच नव्हते.”