बिचारं कृष्णविवर

कृष्णविवर आपली दीर्घिका हळूहळू गिळून टाकतं, असं मी ज्येष्ठ नागरिक संघातल्या भाषणात ठणकावून सांगितलं, आणि ते साफ चूक होतं. बेसिनच्या भोकात गरगरत जाणारं पाणी बघून मी एवढं खगोलशास्त्र शिकलो होतो. निवृत्त विज्ञानशिक्षिका पेंढारकरबाई भर सभेत म्हणाल्या, "अहो, कृष्णविवर आणि दीर्घिका दोघं जोडीनं वाढतात. विवर थोडासाच वायू खातं, बाकीचा बाहेर उधळून देतं."

घरी येऊन मी बायकोपुढे संतापलो. अब्जावधी तारे सुखानं फिरताहेत, आणि मधे गप्प बसलेल्या त्या काळ्या जिवावर आपण खुशाल अधाशीपणाचा आळ घेतो! उरलीसुरली अब्रू गेली तरी चालेल, पुढच्या सभेत त्याची जाहीर माफी मागणार!

"मागा की," ही म्हणाली. "आणि आपल्या घरात खाताही तुम्ही आणि वाढताही एकटे तुम्हीच, हेही सांगून या."