मनोहरकाकांचा प्रश्न

ठाकूरद्वारच्या इमारतीत आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात समोरच्या दारातले मनोहरकाका भेटायला आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात माझ्या मुलीसाठी, मीरासाठी, नारळाच्या वड्या. माझा नवरा संदीप पोलीस खात्यात आहे असं मी सांगितलं, तसा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पिस्तूल घरी येतं का त्याचं?"

"कधी कधी येतं," मी गोंधळून म्हणाले. "पण कपाटावर असतं. मीराचा हात नाही पोचत तिथे."

"स्टूल आहे ना घरात?"

संध्याकाळी हे ऐकून संदीप वैतागला. "रोजचं काम आहे माझं. म्हातारा मला शिकवणार?" इमारतीतल्या बाकीच्यांनाही काका असेच आगाऊ वाटत. माणूस एरवी मोठा गोड. मासळीबाजारात गेले की आमच्यासाठीही ताजे बोंबील आणत, मीराला गच्चीवर नेऊन समोरच्या खिडक्यांची चित्रं काढायला बसवत. मात्र घरात हत्यार आहे आणि मूल आहे असं कळलं, की ते त्या घरी जाऊन विचारत. भीड म्हणून ठेवत नसत.

पुढच्या रविवारी ते संदीपलाच भेटायला आले. संदीपने हाताची घडी घालूनच ऐकायला सुरुवात केली.

"आमच्या वडिलांची दुनळी बंदूक होती," काका म्हणाले. "शिकार कधीच बंद झाली होती, पण लायसन्स मी चालू ठेवलं. दिमाख, दुसरं काय. एकदा वाडीत चोऱ्या व्हायला लागल्या. मी काडतुसं घातली आणि बंदूक पलंगाखाली सरकवली. सकाळी काढू म्हटलं आणि विसरलो. दिवाळीची सुट्टी होती, भावाची मुलगी राहायला आली होती. माझी अनघा नऊ वर्षांची. दोघी खेळत होत्या. अनघाने बंदूक बाहेर ओढली. भावाची मुलगी जागच्या जागी गेली."

संदीपच्या हाताची घडी सुटली होती. "हात लावायचा नाही असं सांगितलं होतंत ना मुलीला?"

"कितीदा तरी. सांगितलं म्हणजे कुलूप लावलं असं होत नाही, संदीप. मुलं हात लावणारच. आपण मोठे कशाला आहोत?"

काडतुसं पोरीनेच घातली असं सांगा, सुटाल, असा सल्ला त्यांना एका नातेवाइकाने दिला होता. काकांनी पोलिसांना सांगितलं, "बंदूक मी भरली. तसंच लिहा." शिक्षा झाली, आर्किटेक्टची चांगली नोकरी गेली. भाऊ पुन्हा बोलला नाही. "त्याने का बोलावं?" काका म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी संदीपने लोखंडी पेटी आणून भिंतीत ठोकून घेतली. गोळ्या वेगळ्या, किल्ली त्याच्या खिशात. काका आले, पेटी दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि संदीपच्या पाठीवर हात ठेवून गेले.

सगळीकडे असं झालं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका व्यापाऱ्याचं रिव्हॉल्व्हर पलंगाजवळच्या खणात असे. "आमचा मुलगा समजूतदार आहे हो," तो हसत म्हणाला.

"माझी अनघाही समजूतदार होती," काका म्हणाले.

त्यानंतर काका दर आठवड्याला त्याची बेल वाजवत. पुढे पुढे दार उघडेनासं झालं. शेवटी ते कुटुंब घर विकून गेलं. रिव्हॉल्व्हर त्या खणातच राहिलं की नाही, ते कुणालाच कळलं नाही. तो मुलगा आता किती मोठा झाला असेल, हे काका बोलता बोलता मधेच म्हणत.

गेल्या वर्षी काका हृदयविकाराने गेले. अनघा नाशिकहून आली. विधी आटोपल्यावर मी तिला चहा नेऊन दिला. काकांमुळे आमच्या घरात काय बदललं ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबांनी माझ्यावर कधी बोट रोखू दिलं नाही," ती म्हणाली. "मी काही बोलायला लागले की म्हणायचे, ते माझं आहे, तू अभ्यास कर. माझ्यासाठीच करायचे, कळतं मला. पण चाप माझ्या बोटाखाली होता ना. ते कुणाशी बोलायचं होतं मी? सगळं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मला रडायलासुद्धा काही ठेवलं नाही."

मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?" इतक्या वर्षांत काकांनी ते मला सांगितलंच नव्हतं.

"चित्रा."

ती बोलू लागली. चित्रा तिच्याहून एका वर्षाने मोठी. हट्टी. तिला भुईनळे लावताना भीती वाटायची, फुलबाज्या मात्र ती दोन्ही हातांत धरायची. तोंडात दोन बोटं घालून शिट्टी वाजवायला तिनेच अनघाला शिकवलं होतं.

"मला अजून येते," अनघा म्हणाली. पण तिने ती वाजवली नाही.