पार्सल ऑफिसचे अण्णा

नवा माणूस भेटला की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ड्यूटी कुठं?" माझ्या भाचीला पाहायला महादेवपुऱ्याचा एक इंजिनिअर आला होता, त्यालाही त्यांनी हेच विचारलं. तो म्हणाला, घरूनच काम करतो. अण्णांना त्याची कीवच आली. "सरी, बरं. घरात तर घरात."

बेंगळुरूच्या चिकपेटेत आमच्या साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत ते एकटेच राहत. तरुणपणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, आणि भोंगा झाला की वर्कशॉपच्याच टीमकडून फुटबॉल. एका मॅचमध्ये गुडघा मोडला, तेव्हा रेल्वेनं त्यांना पार्सल ऑफिसात बसवलं, ते थेट रिटायर होईपर्यंत. "गुडघा गेला अक्का, ड्यूटी नाही गेली," हे मी किती वेळा ऐकलंय, विचारू नका.

पुढे ती टीम एका कंपनीनं घेतली. तिचा मोठा क्लब झाला, करारावरचे खेळाडू आले. रेल्वेचं म्हणून बिल्ल्यावर इंजिन तेवढं राहिलं. अण्णांच्या लेखी मात्र टीम अजून रेल्वेचीच! रोज सकाळी प्रॅक्टिस बघायला हजर. तिथं मिझोरामच्या एका पोराशी त्यांचं सूत जुळलं. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती, पण दोघांचं छान चाललं होतं.

त्या पोराचा गुडघा गेला. करार संपला, आणि क्लबनं त्याला खोली सोडायला सांगितलं. अण्णा मला घेऊन क्लबच्या ऑफिसात गेले आणि मॅनेजरसमोर हात जोडून म्हणाले, "सर, ह्याला पार्सल ऑफिसात घ्या. बसून काम करील."

मॅनेजर भला माणूस होता, हसला नाही. "अंकल, आमच्याकडे पार्सल ऑफिस नाही."

अण्णांनी थोडा विचार केला. "मग लगेज ऑफिस?"

मला तिथं बसवेना हो! घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "पोराला इथंच आणतो."

आणलंच. पावसाळाभर तो पोरगा वरच्या खोलीत पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम करी आणि अण्णा स्टुलावर बसून कन्नडमध्ये आकडे मोजत. सारूभात खाऊन खाऊन पोरगा कंटाळला असेल, पण गुडघा सावरला. दुसऱ्या शहरातल्या एका क्लबनं त्याला घेतलं.

अण्णा आता नाहीत. गेल्या वर्षी झोपेतच गेले. जिना अजून सुना वाटतो, खोटं कशाला बोलू?

पण डोळ्यांपुढे येते ती एकच संध्याकाळ. पोराची नवी टीम आमच्या क्लबशी खेळायला बेंगळुरूत आली होती. जन्मभर आपल्याच बाजूला बसलेले अण्णा त्या दिवशी पाहुण्यांच्या बाजूला बसले. ओळखीचं कुणी बघेल म्हणून मी पदर डोक्यावर ओढून शेजारी. पोरानं आमच्या क्लबवरच गोल केला आणि हात पसरून आमच्याकडे धावत सुटला. अण्णा उठून उभे राहिले. डोळ्यांना धार लागलेली, आणि ओरडतायत, "अरे स्वल्प हळू पळ! गुडघा! गुडघा!"