अंबरीशचं निशाण

मंजूषा रडली नाही, याची नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या मराठी मंडळींत बरीच चर्चा झाली. नोव्हेंबरात तिचा नवरा अंबरीश ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला, आणि ही बाई चौथ्या दिवशी खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन कागदांवर सह्या करून आली. "किती खंबीर आहे हो," असं शेजारची मीनल सगळ्यांना सांगत सुटली. खंबीर कसली, डोंबल! आत काही हलतच नव्हतं. सकाळी पोळ्या लाटायच्या, पाळणाघरातल्या नोकरीवर जायचं, परत यायचं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तशी ती अख्खीच झाली होती.

लेक जुई टिलबर्गला शिकते, तिथेच खोली घेऊन राहते आणि विद्यार्थिनींच्या टीममधून फुटबॉल खेळते. घरच्या मैदानावरची तिची एकही मॅच अंबरीशने सोडली नव्हती. नुसता बघायला नाही जायचा हां! असल्या छोट्या क्लबांत पंच तेवढा बाहेरून येतो. रेषेवर निशाण घेऊन पळणारा माणूस ज्या त्या क्लबाने आपला आपण आणायचा. बहुतेक वेळा तो कुणाचा तरी बाप असतो. जुई लहानपणी गावातल्या क्लबात खेळायची, तेव्हापासून हे काम अंबरीशकडे होतं आणि त्याला त्याचं भलतंच वेड. जेवायला बसला की ताटाभोवती ऑफसाइड मांडायचा.

"हे बघ, लोणच्याची बरणी म्हणजे गोलकीपर. ही वाटी म्हणजे शेवटची बचाववाली. आणि मिरची आपली. पास निघतो त्या क्षणी मिरची वाटीच्या पुढे असली, की निशाण वर!"

"आधी जेव. वरण गार झालं," मंजूषा म्हणायची. आठ वर्षं हेच चाललं होतं.

ऑक्टोबरात त्याने जुईचाच गोल ऑफसाइड दिला. टीम हरली. पोरगी सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडली, "परत माझ्या मॅचला येऊ नकोस!" मग तीन आठवडे तिने त्याचा फोन उचलला नाही. चौथ्या आठवड्यात तोच गेला. या तीन आठवड्यांबद्दल जुई कुणाशी बोलत नाही, आईशी तर नाहीच. मायलेकींचे फोन मग "जेवलीस का" आणि "हो" एवढ्यावर आटपायला लागले.

एप्रिलात जुईचा फोन आला.

"आई, संडेला लास्ट होम मॅच आहे. जिंकलो तर याच गटात राहू, नाहीतर खाली जाऊ. बाबांचं निशाण तुझ्याकडे आहे ना?"

"आहे. पोस्टाने पाठवते."

"नको. तू घेऊन ये."

मंजूषा गेली. बोलावलं म्हणून गेली, दुसरं काही नाही. मैदानावर ही गर्दी! शे-दीडशे पोरंपोरी, दोन ढोल, बिअरचे क्रेट, निळा धूर सोडणाऱ्या नळकांड्या. गाणी अशी चालली होती की कुणाच्याही अंगावर काटा यावा. कुणीतरी तिच्या हातात कॉफी दिली, ती तिने तशीच गार होऊ दिली. कधी संपतंय आणि कधी गाडी पकडतेय, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात टीमची कोच लोट्टं पळत आली. निशाण धरायला एका मुलीचा भाऊ यायचा होता, तो सायकलवरून पडून पाय मुरगळून घरी बसला होता. आता रेषेवर कोण? जुई डच भाषेत म्हणाली, "माझी आई करेल. तिला ऑफसाइड कळतं."

"अगं, मला कुठे..."

"कळतं तुला. आठ वर्षं बाबा शिकवत होते, मी समोर बसायचे."

झालं! निशाण हातात, चपळाईच्या नावाने बोंब, आणि मंजूषा रेषेवर. पहिल्या हाफमध्ये पाहुण्या मुली तिच्या बाजूला चढून येत होत्या. तिने तीनदा निशाण वर केलं, तिन्ही वेळा पंचाने मान डोलावली. तिला त्याचं काही वाटलं नाही. बाजू बदलल्यावर जुईची टीम तिच्याकडे चढायला लागली. एक-एक अशी बरोबरी होती आणि बरोबरी कामाची नव्हती. ढोल थांबायला तयार नव्हते.

शेवटच्या मिनिटाला मधून लांब पास निघाला. मंजूषाला समोर मैदान दिसलंच नाही. तिला बरणी दिसली, वाटी दिसली आणि वाटीच्या पुढे गेलेली मिरची दिसली. जुई सुटली, बॉल जाळ्यात! पोरं कठडे ओलांडून आत घुसली, बिअर उडाली, जो तो एकमेकाच्या गळ्यात पडला. मग एकेक जण वळून बघायला लागला. मंजूषानेही बघितलं. तिचा हात वर होता.

पंचाने गोल रद्द केला. पोरांना बाहेर काढलं, पाहुण्यांनी फ्री किक मारली आणि शेवटची शिट्टी झाली. टीम खाली गेली. जुई चिखल तुडवत सरळ आईकडे यायला लागली. मंजूषाच्या मनात आलं, संपलं. आता ही माझ्याशीही बोलायची नाही, आणि मला हिच्याशिवाय आहे कोण?

"आई, होते मी पुढे?"

"होतीस. अर्धं पाऊल."

"नक्की?"

"वाटीच्या पुढे होतीस गं."

जुईचं तोंड वाकडं झालं. "म्हणजे तेव्हापण बाबा बरोबरच असतील."

"त्या दिवशी घरी येऊन ताटात तीनदा मांडून दाखवलं त्याने मला. म्हणाला, पुढे होती, काय करू? पण काय पळते गं आपली पोरगी!"

"चिडले होते?"

"चिडतोय कसला! दोन पोळ्या जास्त जेवला."

जुईने नाक पुसलं. मग आईचं मनगट धरलं.

"आई, हात खाली घे आता. मॅच संपली."

हात अजून वरच होता. जुईने तो हळूहळू खाली आणला, तशी खांद्यातून अशी कळ आली की मंजूषा मटकन खालीच बसली.

"दुखतंय गं," ती म्हणाली. "जुई, फार दुखतंय." आणि पाच महिन्यांनी, त्या चिखलात, दीडशे पोरांसमोर तिने भोकाड पसरलं.