गोलामागचा नगारा

मार्गशीर्षातली सकाळ होती. चुलीच्या एका अंगाला आंघोळीचं पाणी तापत होतं, दुसऱ्या अंगाला चहाचं आधण ठेवलं होतं, आणि मी सूप पुढ्यात घेऊन तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसले होते. सोल्यांची आमटी करायची होती. आमचे हे आरशासमोर बसून दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल मोकळा. तेवढ्यात बाहेरची कडी वाजली.

यांचा हात थांबला. "अगं, पाहा कोण आहे. किसनसिंग असला तर मी घरी नाही म्हणून सांग."

किसनसिंगच होता. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, पायांवर माळपठारापासूनची धूळ. एवढ्या लवकर पोचायचं तर तांड्यावरून अंधारातच निघाला असणार. मी तोंड उघडणार, तोच आत यांनी वस्तरा धुतला आणि तांब्यातलं पाणी खळखळलं. आता काय बोलायचं?

"बसा किसनसिंगभाऊ. दाढी करताहेत."

"करू द्या बाई. मले घाई नाही," म्हणून तो ओट्याच्या कडेला टेकला.

मी त्याच्या मागे रस्त्यावर पाहिलं. सवयीनं पाहिलं. पण नगारा आणलेला नव्हता.

पुसदमध्ये त्या काळी किसनसिंगला ओळखत नाही असा माणूस सापडला नसता, आणि ओळखायचे ते नगाऱ्यानं. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख फिरलेले. पुढे बैल थांबले, तांडे माळावर बसले, हाती कोरडवाहू जमीन आली. किसनसिंग कापूस नि ज्वारी पेरायचा. त्या फिरस्तीतली एक गोष्ट त्यांच्या तांड्यात शिल्लक होती, तो तांब्याच्या पोटाचा जुना नगारा. होळीला वाजायचा, लग्नात वाजायचा. तांड्यात कुणाच्याही घरी आनंद झाला की वाजायचा, आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागत नसे. वाजवणारा किसनसिंग.

एकदा तो बाजाराला आला असताना शाळेच्या मैदानावर गर्दी दिसली म्हणून वाकडी वाट करून गेला. फुटबॉलचा सामना चालला होता. दिवस बुडेपर्यंत हा तिथेच उभा, गाडी बाजारात सोडलेली, बैल उपाशी. खेळ काही कळला नव्हता, पण गोल झाल्यावर माणसं नुसत्या टाळ्या पिटतात हे त्याला फार कोरडं वाटलं. पुढच्या सामन्याला गाडीत नगारा होता. गोलाच्या खांबामागे कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांचा लहानसा जाळ करायचा, नगाऱ्याचं कातडं त्यावर शेकायचं, बोटानं टकटक करून आवाज पाहायचा, आणि मग दोन्ही काठ्या मांडीवर ठेवून वाट पाहत बसायचं. आपल्या पूसतीर क्रीडा मंडळानं गोल मारला की तो नगारा असा घुमायचा, की मला इथे स्वयंपाकघरात कळायचं. तेव्हा आमचा संघ जिंकत असे.

नंतर संघ हरायला लागला. कशानं, ते सांगता येत नाही. जुने खेळाडू थकले, दोघं नोकरीनिमित्त गेले. हरणं पडशासारखं गावात मुरून बसलं. हरलेल्या संध्याकाळी घरोघरी काय चालायचं ते आम्हा बायकांना विचारावं. भाजी अळणी लागायची, पोरांना विनाकारण धपाटे बसायचे, माणसं दिव्याकडे पाहत बसायची. आमच्याकडे तर विचारूच नका, कारण वकिली सांभाळून मंडळाचे चिटणीस हेच.

मंडळाचे अध्यक्ष भगवानराव. मोठी शेती, मोठा आवाज. त्यांनी त्या वर्षी तोड काढली. कामठी-नागपूरकडे चांगले खेळाडू पडलेत, त्या हंगामात कुठल्या क्लबाशी बांधलेले नाहीत, त्यांना आणू. तिघं आले. गावानं हार घालून उतरवून घेतलं. राहायला शाळेची खोली, आणि जेवण आमच्याकडे. पोळ्या लाटता लाटता माझे हात गळायचे, पण खेळाडू खातात तर खाऊ द्या म्हटलं. त्यातला जो सगळ्यात नावाजलेला, बॅकला खेळणारा, तो पाटावर बसताना उजवा पाय लांब सोडूनच बसे आणि उठताना भिंतीला हात लावी. मी रात्री यांना म्हटलं, "त्याचा गुडघा दुखावलेला दिसतो."

"तुला काय कळतं फुटबॉलातलं?"

फुटबॉलातलं नव्हतं कळत, जेवायला बसलेल्या माणसाचं कळत होतं.

बाहेरचे तिघं घ्यायचे म्हणजे गावातले तिघं बसवायचे. त्यात देवीलाल बसला. देवीलाल म्हणजे किसनसिंगचा सख्खा भाचा, बहिणीचा, भुरीबाईचा मुलगा. भुरीबाई दिली होती घाटंजीकडच्या तांड्यात. तिचा हा मुलगा मामाकडे राहून पुसदच्या शाळेत शिकला आणि मंडळातून लेफ्ट आउट खेळू लागला. काळा, किडकिडीत, पळायला लागला की पायच दिसायचे नाहीत. त्याला बसवलं तेव्हा तो भांडला नाही. कडेला टॉवेल घेऊन उभा राहिला, दुसऱ्यांच्या बुटांचा चिखल काढला, आणि एक दिवस आईकडे निघून गेला. तिकडे घाटंजीवाल्यांनी त्याला खेळायला घेतलं.

इकडे आमचं हरणं थांबलं नाही. नुसतं महाग झालं. दोराबाहेरची माणसं आता खुशाल ओरडायची.

"अरे, खेळायले आले का सासुरवाडीले?"

"वकीलसाहेबाच्या घरचं तूप पोटात उतरलं बाप्पा, टांगेत नाही उतरलं!"

फकिरा पानवाल्याची जीभ तर चुन्यानं धुतलेली. तो भगवानरावांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "पुढच्या साली गडी नका आणू भाऊ, गोलच भाड्यानं आणा!" सगळे हसायचे, पण हसण्यात मजा नव्हती. हळूहळू गर्दी विरळ झाली. हरताना पाहायचं, तेही ओळख ना पाळख अशा माणसांना, हे लोकांना सोसेना. आपली पोरं हरायची तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी त्यांना रस्त्यात गाठून शिव्या घालता यायच्या.

किसनसिंग मात्र येतच राहिला. जाळ करायचा, कातडं शेकायचा, काठ्या मांडीवर घेऊन बसायचा. सामना संपला की नगारा न वाजवताच गाडीत घालायचा. कुणी म्हणे, "किसनसिंग, हे कातडं आता सडन गड्या." तो म्हणायचा, "सडत नाही. रोज तेल लावून राह्यलो."

मग घाटंजीचा सामना आला.

तो मी स्वतः पाहिला. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही चार बायका बसलो होतो. बऱ्याच दिवसांनी मैदान भरलं होतं, कारण घाटंजीलाही हरलो तर मग उरलं काय? हाफटाइमपर्यंत कुणाचाच गोल नव्हता. आमचे लोक कधी नव्हे ते आशेनं ओरडत होते. देवीलाल पलीकडच्या संघात, पिवळा सदरा घालून. त्याच्याकडे आमच्या लोकांनी पाहायचंच टाळलं होतं.

खेळ संपत आला असताना चेंडू देवीलालला मिळाला. आमचा तो नावाजलेला बॅक आडवा आला. देवीलालनं चेंडू एकीकडे दाखवला नि दुसरीकडे काढला. बॅक वळायला गेला आणि त्याचा उजवा गुडघा दगा देऊन गेला, तो तिथेच बसला. देवीलाल सरळ आत. चेंडू जाळीत.

मैदान गप्प झालं. इतकं, की शाळेच्या छपरावरची पाखरं ऐकू आली. आणि त्या शांततेत नगारा वाजला.

असा वाजला की बस. इतक्या सामन्यांचा दाबून ठेवलेला. किसनसिंग उभा राहून दोन्ही हातांनी वाजवत होता आणि ओरडत होता, "वाह रे भाणजा! वाह!" भोवतालची माणसं वळून त्याच्याकडे पाहताहेत, हे त्याला बराच वेळ समजलंच नाही. समजलं तेव्हा काठ्या हवेतच राहिल्या. तो चेहरा मी विसरलेली नाही. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा होता.

मग जे झालं ते लवकर झालं. "फितूर! फितूर!" म्हणत लोक धावले. कुणाच्या तरी बुटानं कातडं फुटलं. किसनसिंग नगाऱ्यावर ओणवा पडला म्हणून तांबं तेवढं वाचलं, मार पाठीवर बसला. इतक्या दिवसांचा भगवानरावांवरचा राग, त्या तिघांवरचा राग, सगळा त्या एका माणसावर निघाला. ते तिघं मात्र टॉवेल खांद्यावर टाकून खोलीकडे निघून गेले. त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. ठराव एकच, किसनसिंगनं यापुढे मैदानावर पाय ठेवायचा नाही. खाली चिटणीस म्हणून सही यांची.

तर असा तो आमच्या ओट्यावर येऊन बसलेला. मी चहा दिला. बशीत ओतून, फुंकून तो हळूहळू प्यायला. डावा हात वर उचलताना त्याचं तोंड जरा वाकडं व्हायचं.

"नगारा बसवला का नीट?" मी विचारलं.

"नाही बाई. होळीले पाहू. तांड्यातले म्हनतात, आपला नगारा तू परक्याच्या दारी फोडून आणला. बोलत नाही कोनी माह्याशी."

"आणि देवीलाल?"

"त्याले नाही सांगतलं. तो खुशीत असन. कायले सांगाचं?"

अखेर हे बाहेर आले. गालावर कापलं होतं, तिथे तुरटी लावलेली. चेहरा कोर्टात घालून जातात तसा केला होता, पण किसनसिंगच्या अंगावर नजर ठरत नव्हती.

"काहून वाजवलास रे किसनसिंग? इतकी वर्षं मैदानावर येतोस. आपला कोण, परका कोण, तुला कळत नाही?"

"कयते साहेब. कयते कसं नाही. भाच्यानं गोल मारला, हात उचलले गेले. मंग पाह्यलं तं पिवळा सदरा. तवापर्यंत वाजून गेलतं."

"लोक म्हणतात घाटंजीवाल्यांनी तुला फोडला."

किसनसिंगनं बशी पालथी घालून ओट्यावर ठेवली. हे वरमले.

"माझं नाही रे तसं म्हणणं. हे बघ, भगवानरावांशी मी बोललो आहे. ते म्हणतात, येऊ दे त्याला. पण आधी सगळ्या लोकांसमोर माफी मागायची. आणि म्हणायचं, की देवीलालशी माझा आता काही संबंध राहिला नाही. एवढं म्हणालास की मिटलं."

मी दारात सूप घेऊन उभी होते. मला वाटलं, आता तो उठून जाईल.

"माफी मांगतो," किसनसिंग म्हणाला. "पायजे तर एकेकाच्या पाया पडून मांगतो. चूक झाली माही. दुसरं नाही म्हनत साहेब. बहिणीचा पोर हाये. माह्या घरात वाढला. तुमीच बसवलं त्याले, मी तवा काही बोललो का?"

"मग माझ्या हातात काही नाही."

"नगाऱ्यासाठी नाही आलो मी. नगारा आता नाही आनत."

"मग?"

"इतवारी दारव्ह्यासंग शेवटचा सामना हाये ना आपला?"

'आपला' हा शब्द यांनाही ऐकू आला असावा. हे ओट्यावर त्याच्या शेजारी बसले. इतका वेळ उभेच होते.

"अरे, कोण येतंय त्या सामन्याला! तो बॅक परवाच गाडीत बसून गेला. राहिलेले दोघं आज-उद्या जातील. फकिरासुद्धा म्हणाला, मी दुकानच उघडं ठेवतो. अकरा माणसं जमवता जमवता माझी पुरेवाट झाली आहे. हरणार आहोत आपण किसनसिंग, सरळ हरणार. पाहायचं काय आहे त्यात?"

"हाव. हरनारच," किसनसिंग म्हणाला. घोंगडी त्यानं खांद्यावर नीट केली, आणि यांच्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत म्हणाला, "गोलामागं नाही बसत. दोराजवळही नाही येत. तिकडं बाभळीखाली बसतो, तोंडातून अक्षर नाही काढत. मले निस्तं पाहू द्या."