केरबाने घडवलेला हात

कराडच्या आमच्या आळीत १९७१ साली क्रिकेट कळणारी माणसं तीन होती आणि त्यावर बोलणारी तीस. केरबा कुंभार यातल्या कोणत्या गटातला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने जन्मात बॅट हातात धरली नव्हती आणि इंग्रजीचं त्याला अक्षर येत नव्हतं. पण बेदी, प्रसन्ना, वेंकट आणि चंद्रा या चार फिरकी बोलरांची नावं तो देव्हाऱ्यातल्या देवांसारखी घ्यायचा. त्यांच्या बोटांविषयी तर असा बोलायचा, की चौघेही कालच त्याच्याकडे जेवून गेले असावेत.

त्याचं तत्त्व सोपं होतं. चिखल नुसता जोरात आपटला तर चिखलच राहतो, चाकावर फिरवला तर मडकं होतं. तेव्हा जगात जे काही घडतं ते फिरवल्यानेच घडतं. मी हायस्कुलात गणित शिकवायचो. मला यात खोट सापडली नाही.

खोट काढायचे ते सुभेदार मानसिंग. फौजेतून पेन्शनीत आलेले, आणि आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. ज्या फौजेला तोफखाना नाही तिने लढाईवर जाऊच नये, असं त्यांचं म्हणणं, आणि क्रिकेटात तोफखाना म्हणजे वेगवान बोलर. आपले पहिले दोघे बोलर येतात ते नव्या चेंडूची लकाकी घालवायला, ही काय बोलिंग झाली? असं म्हणून ते ट्रान्झिस्टर बंद करायची धमकी देत. लंडन नीट लागेल असा ट्रान्झिस्टर आळीत तेवढा एकच होता. मला लोक तापट म्हणतात, पण त्या ट्रान्झिस्टरपायी मी कितीदा गप्प बसलो ते माझं मला ठाऊक.

त्या वर्षी ओव्हलची कसोटी आणि गणेश चतुर्थी एकाच आठवड्यात आली. गणपतीच्या कामात केरबाला कामाचं छप्पर सोडून हलता येईना, म्हणून संध्याकाळची बैठक त्याच्याच छपरात भरू लागली. सुभेदार ट्रान्झिस्टर आणत, मी समालोचनाचं मराठी करून सांगे, आणि केरबा हाताने काम चालू ठेवून तोंडाने वाद घाले.

पण केरबाला कसोटीपेक्षा मोठी गोष्ट त्या आठवड्यात जिंकायची होती. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत मंडळाचा गणपती त्याचे वडील धुळाबा करायचे. एका वर्षी ऐन मिरवणुकीत मूर्तीचा खांदा तडकला. तेव्हा कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी मंडळाने गपचूप कोल्हापूरहून मूर्ती आणली आणि तोच पायंडा पडला. धुळाबांनी त्यानंतर मंडळाच्या मांडवात पाऊल टाकलं नाही. आता मोतीबिंदूने त्यांना धड दिसतही नव्हतं. छपराच्या कोपऱ्यात घोंगड्यावर बसून ते दिवसभर माती मळून देत. मी मंडळाचा चिटणीस. सभेत आरडाओरडा करून मी यंदाची मूर्ती केरबाला मिळवून दिली होती. अट एकच, मूर्ती पसंत पडली तर पुढेही त्यालाच, नाहीतर पुन्हा कोल्हापूर.

गुरुवारी कसोटी सुरू झाली आणि इंग्लंडने एका दिवसात तीनशे पंचावन्न केले. आपल्या तिन्ही फिरकीवाल्यांना दोन-दोन बळी मिळाले, आणि तीन घेतले सोलकरने, तेही नव्या चेंडूवर. सुभेदारांनी त्या आनंदात सगळ्यांना खारे शेंगदाणे वाटले. चांदसाहेब शिंप्याचं म्हणणं, प्रसन्नाला बाहेर बसवलं तिथेच घात झाला. शुक्रवारी तिकडे पाऊस पडून खेळच झाला नाही, त्यामुळे आम्हाला भांडायला अख्खी संध्याकाळ मोकळी मिळाली. केरबा मातीचा गोळा घेऊन बेदी कसा धरतो, चंद्रा कसा धरतो, हे सगळ्यांना दाखवत होता. दाखवून झालं की त्याच मातीने पुढ्यातला गणपतीचा हात वळत होता. आमच्यापैकी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

सोमवारी हरतालिका. चतुर्थी उद्यावर आलेली. चार वाजता खेळ सुरू झाला तेव्हा मूर्ती रंगून वाळली होती, डोळे तेवढे आखायचे राहिले होते. आपला डाव एकाहत्तर धावांनी मागे राहून संपला, म्हणून सुभेदार आधीच घुश्शात होते. इंग्लंडचा दुसरा डाव सुरू झाला तसे कंटाळून ते मूर्ती बघायला उठले. मुकुट बघितला, सोंड बघितली, मान हलवली. मग मोदकाच्या हातापाशी थांबले आणि तिथेच थांबून राहिले.

"केरबा," ते म्हणाले, "बाप्पानं ह्यो मोदक धरलाय का चेंडू?"

आम्ही सगळे जवळ गेलो. मोदक तळहातावर नव्हताच. दोन बोटं वरून, एक खालून मुडपलेलं, अंगठा नुसता टेकलेला. कुठल्याही क्षणी मनगट फिरेल आणि मोदक उडेल, असा तो हात होता. चांदसाहेब पुटपुटला, हात डावा आहे, म्हणजे बेदीचा. मी त्याला कोपराने ढोसलं.

केरबाचा चेहरा मातीसारखा झाला. त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं. तोंडाने जे चाललं होतं ते हाताने परस्पर केलं होतं. दिवसभराच्या कडक उपासाने थकलेली त्याची बायको मनुबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "लाख वेळा सांगितलं, कामात त्यो रेडू नगं." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. मीही हळूच चार पावलं मागे सरलो. सभेत आरडाओरडा मीच केला होता ना.

सुभेदार म्हणाले, कोल्हापूरची गाडी अजून आहे, पहाटेपर्यंत दुसरी मूर्ती येईल. त्यांनी ट्रान्झिस्टरचा पट्टा उचलला. एवढ्यात त्यातून एकदम गलका झाला. चंद्राने एकाचा त्रिफळा उडवला होता, आणि लोक बसतायत तोवर दुसराही गेला. झेल सोलकरने पकडला, असं मी सांगितलं. सोलकर म्हणजे सुभेदारांचा माणूस. ते "बघू जरा" म्हणत खाली बसले.

मग ते उठलेच नाहीत. एक जाई, त्याची चर्चा संपायच्या आत पुढचा जाई. दिवेलागण उलटून गेली तोवर इंग्लंड एकशे एकमध्ये गारद झालं होतं आणि सहा बळी एकट्या चंद्राचे होते. चांदसाहेबाने टोपी उडवली ती रंगाच्या वाटीत पडली. मी नाचलो. गणिताच्या मास्तराने नाचू नये, पण नाचलो.

केरबा मात्र हसला नाही. आयुष्यभर ज्या बोटांची बाजू घेतली त्यांनी इंग्लंड लोळवलं, आणि हा कोरणी घेऊन मूर्तीसमोर उकिडवा बसला होता.

"काय करतूयास?" सुभेदारांनी विचारलं.

"हात काढून नवा बसवतू. देवाच्या हाताशी खेळ झाला माज्याकडनं."

वाळलेल्या दंडाला ओल्या मातीचा हात जोडला तर सकाळपर्यंत तडकेल, असं मी म्हणालो. तडकेल हा शब्द मी त्या घरात काढायला नको होता. कोपऱ्यातले धुळाबा उठले. भिंतीला धरत आले आणि मूर्तीचा दंड चाचपत हातापर्यंत पोचले. बोटांवरून, मोदकावरून त्यांनी बराच वेळ हात फिरवला. त्यांना चंद्रा ठाऊक नव्हता नि बेदीही नव्हता.

"ह्यात काय वाईट हाय?" ते म्हणाले. "समदे कुंभार बाप्पाचा मोदक मुठीत घट्ट बसवत्यात. मी बी तसाच बसवला जल्मभर. ह्यो हात धरून बसल्याला न्हाई रं. ह्यो आता दील, आसा हाय. देणाऱ्याचा हात हाय ह्यो. मला कवा जमला न्हाई."

केरबाने कोरणी खाली ठेवली. सुभेदार कंदील घेऊन पुन्हा मूर्तीजवळ गेले, वाकून बघत राहिले, आणि शेवटी इतकंच म्हणाले, "डोळे आख, केरबा. सकाळी सातला मंडळ येतंय."

केरबाचे स्वतःचेच डोळे इतके भरून आले होते, की मनुबाईने पदराने ते पुसले आणि मगच त्याला कुंचला घेऊ दिला. खरं सांगायचं तर माझेही भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत मूर्ती आली. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी मांडवात टाळापेक्षा ट्रान्झिस्टरचा आवाज मोठा होता. एकशे त्र्याहत्तर हवे होते, आणि आबिद अलीने चौकार मारून ते पुरे केले. आबिद अली आपला नव्या चेंडूचा बोलर. त्यामुळे मॅच अखेर तोफखान्यानेच जिंकली, असं सुभेदारांनी तिथल्या तिथे जाहीर केलं आणि पुढे मरेपर्यंत बदललं नाही.

त्या गर्दीत केरबा धुळाबांना हाताला धरून घेऊन आला. अकरा वर्षांनी म्हातारा मांडवात आला, तेव्हा लोक आपोआप बाजूला सरले. सुभेदारांनी विडा-सुपारी नि नारळ उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"धुळाबा, पुढल्या सालचा गणपती तुमच्या घरचा. घ्या."

धुळाबांनी हात पुढे केला नाही. चाचपत त्यांनी शेजारी उभ्या आपल्या पोराचं मनगट शोधलं आणि ते नारळाकडे ढकललं.

"त्येला द्या," ते म्हणाले. "आता हात त्येचा हाय."